आपल्या हॅम क्लबमधील सायलेंट की : आठवणी नीट लिहून ठेवण्यासाठी धागा (सोलापूर)

लघुलहरी

नमस्कार मंडळी.

गेल्या काही वर्षांत आपल्या क्लबमधील जुनी माणसे एकामागून एक गेली. प्रत्येक वेळी व्हॉट्सअॅप गटावर हात जोडलेली चित्रे आली, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली आणि दोन दिवसांनी गट पुन्हा केबल आणि अँटेनाच्या चर्चेकडे वळला. त्यात गैर काही नाही. पण परवा नव्याने परवाना मिळालेल्या एका मुलाने ‘सोलापुरात मोर्स शिकवायला सुरुवात कोणी केली?’ असे विचारले, तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाने वेगळे नाव घेतले. ज्यांना नक्की माहीत होते ते आता नाहीत, आणि ज्यांनी त्यांच्याकडून ऐकले त्यांनीही साठी ओलांडली आहे.

हॅम म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणारे लोक. हॅम नसलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की मोर्समध्ये (टिंब-रेघांच्या संकेतलिपीत) संभाषण संपवताना ‘एसके’ ही जोडखूण पाठवतात (डि-डि-डि-डा-डि-डा) आणि दिवंगत हॅमला ‘सायलेंट की’ म्हणून त्याच्या कॉल साइनपुढे (हवेवरच्या ओळखखुणेपुढे) तीच दोन अक्षरे लिहितात. अशा प्रत्येक सदस्याविषयी ‘मनमिळाऊ होते, मदतीला धावून जात’ यापलीकडचे काहीतरी येथे लिहावे, अशी माझी विनंती आहे. ते कोणत्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) असत, संच विकतचा होता की घरी जोडलेला, अँटेना कुठे आणि कशी बांधली होती, कोणाला काय शिकवले, हे हवे आहे. नावे, कॉल साइन आणि पत्ते मात्र येथे नकोत. ते घरच्यांच्या परवानगीने क्लबच्या वहीत जातील. ओळखणारे वर्णनावरून ओळखतीलच.

सुरुवात मी करतो. तार खात्यातून निवृत्त झालेले आपले मास्तर मोर्स केवळ कानाने शिकवत. कोणाच्या वहीत टिंब आणि रेघ काढलेली दिसली की ती वही ते मिटून बाजूला ठेवत आणि तोंडाने ‘डा-डि-डा-डि, डा-डा-डि-डा’ म्हणायला लावत. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला रेडिओवरचे मोर्स नव्याने शिकावे लागले होते. तारेच्या साउंडरमध्ये (तार ऐकण्याच्या यंत्रात) सूर नसतो, नुसता कट्ट-कट्ट आवाज असतो आणि दोन कट्टांमधला अवकाश मोजायचा असतो. रेडिओवर अखंड शिटीसारखा सूर येतो. ही सवय बदलायला आपल्याला बराच काळ लागला, असे ते सांगत. त्या वेळी ग्रेड टू परवान्याला मिनिटाला ५ शब्द आणि ग्रेड वनला १२ शब्द लागत. मास्तर मात्र पाच शब्दांच्या परीक्षेलाही मुलांना दहाच्या वेगाने तयार करत, कारण परीक्षेच्या खोलीत हात थरथरतो आणि निम्मा वेग तिथेच जातो, असे त्यांचे म्हणणे होते.

१५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली तेव्हा आम्हाला वाटले की मास्तर खचतील. तसे काही झाले नाही. खात्यातून मोर्स केव्हाच गेले होते, आधी टेलिप्रिंटर आणि नंतर संगणक आले होते. ‘तार बंद झाली, मोर्स आपल्याकडे चालूच आहे की,’ एवढेच ते म्हणाले आणि त्या रविवारी नेहमीप्रमाणे चाळीस मीटरच्या बँडवर आले.

निवृत्त_गार्ड

धागा काढलात, बरे केलेत. मास्तरांची नोंद किल्लारीच्या भूकंपाशिवाय पुरी होणार नाही, म्हणून ते लिहितो आणि त्यातच रेल्वेच्या विद्युत विभागातल्या आपल्या फोरमन काकांविषयीही लिहितो, कारण त्या कामात दोघांना वेगळे करता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; विसर्जनाहून उशिरा परतलेली गावे गाढ झोपेत होती. सोलापुरात फळीवरची भांडी खाली आली, माणसे अंगणात आणि रस्त्यावर आली, पण नेमके कुठे काय झाले आहे हे उजाडेपर्यंत कोणालाच कळले नाही. मग नळदुर्ग-उमरग्याच्या बाजूने जखमी येऊ लागले. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, तळणी, पेठसांगवी ही नावे सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात त्या दिवशी सतत कानावर पडत होती.

काका एका जीपमधून सास्तूरकडे गेले. सोबत घरी जोडलेला चाळीस मीटरचा, म्हणजे सात मेगाहर्ट्झचा संच, गाडीची बॅटरी आणि गुंडाळलेली तांब्याची तार होती. त्याची डायपोल अँटेना म्हणजे दोन्ही हात मिळून साधारण ६६ फूट तार. ती त्यांनी लिंबाचे झाड आणि एक उभा राहिलेला लोखंडी खांब यांच्यामध्ये जेमतेम दहा-बारा फुटांवर बांधली. नवख्या माणसाला वाटते की अँटेना जितकी उंच तितकी चांगली, पण येथे त्यांना अमेरिका नको होती, सोलापूर, पुणे आणि मुंबई हवी होती. बुटका डायपोल लहरी जवळजवळ सरळ वर फेकतो आणि आयनमंडलावरून परतून त्या दोनचारशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात, हे काकांना पाठ होते. संध्याकाळी मात्र सात मेगाहर्ट्झवर जवळची स्टेशने विरू लागतात आणि भलतीच दूरची घुसतात, म्हणून महत्त्वाचे निरोप उजेड असेपर्यंत संपवायचे असे ठरले.

सोलापूरच्या टोकाला मास्तर बसले होते. त्यांनी पहिल्याच तासात तार कचेरीची शिस्त लावली : प्रत्येक निरोपाला क्रमांक, शब्दांची संख्या, वेळ आणि परत वाचून दाखवणे. सुरुवातीला सर्वांना हे वेळखाऊ वाटले. पण नंतर जखमींच्या याद्या येऊ लागल्या. एकाच आडनावाची अनेक माणसे, एकाच गावची, कानाला सारखीच वाटणारी नावे, आणि मधे सतत खरखर. इंग्रजी ‘अल्फा-ब्राव्हो’ने मराठी नावे फोडताना घोळ होतो, हे लक्षात आल्यावर मास्तरांनी सरळ अंकलिपी काढली : क कमळाचा, ग गणपतीचा, भ भटजीचा. पुण्याच्या बाजूला ऐकणाऱ्या हॅमने तेच पुढे उचलले. एका बापाला मुलगा जिवंत असल्याचा निरोप द्यायचा आणि नाव चुकवायचे, यापेक्षा दोन मिनिटे जास्त गेलेली परवडली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून याद्यांपेक्षा वस्तूंचे निरोप वाढले. जुन्या कपड्यांचे ढीग येत होते आणि पावसापासून आडोशाला काही नव्हते. ‘कपडे थांबवा, ताडपत्री व दोर पाठवा’ असा निरोप काकांनी पाठवल्याचे मला स्पष्ट आठवते, कारण तो हातात घेऊन मीच तो योग्य माणसाकडे पोहोचवायला सायकलवर गेलो होतो.

त्या सर्व निरोपांच्या कार्बन प्रती मास्तरांनी फाइलला लावून ठेवल्या होत्या. ती फाइल आता कुठे आहे, हे कोणीतरी त्यांच्या घरी विचारावे.

डिडाडिट

उत्तम धागा. ‘क कमळाचा’ ही पद्धत आम्ही आजही वापरतो, पण ती कुठून आली हे आज कळले.

तांब्याची_तार

माझे लिहिणे साचा (यंत्रमाग) कारखान्यातल्या आपल्या अण्णांविषयी. घरात तेलुगू, चहाच्या टपरीवर मराठी, माइकवर इंग्रजी, आणि राग आला की कन्नड, अशी त्यांची वाटणी होती. शिक्षण बेताचे, पण हातात असे कसब होते की फुटलेल्या व्हॉल्व्हचा सॉकेटही ते वाया जाऊ देत नसत.

त्यांचा पहिला ट्रान्समीटर ८०७ व्हॉल्व्हचा होता. त्या काळात आपल्याकडच्या बहुतेक हॅमचा पहिला पॉवर व्हॉल्व्ह तोच असे, कारण लष्कराच्या जुन्या मालात तो स्वस्त मिळे. कॉइल गुंडाळायला चिनी मातीचा फॉर्मर हवा आणि तो सोलापुरात मिळेना. अण्णांनी साच्यावरची लाकडी कांडी घेतली, ती मेणात उकळून ओल बाहेर काढली आणि तिच्यावर तार गुंडाळली. पुस्तकाप्रमाणे लाकूड योग्य नाही, तापले की फ्रिक्वेन्सी सरकते. सरकायचीच. ‘अण्णा आले’ हे आम्हाला आवाजाआधी त्यांच्या सरकत्या कॅरियर लहरीवरून कळायचे. पुढे त्यांनी व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) वेगळ्या पत्र्याच्या डब्यात बंद केला, व्हॉल्व्हपासून दूर ठेवला आणि संच आधी अर्धा तास चालू ठेवून मगच बोलायला घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तो स्थिरावला.

त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट कोणत्याच मार्गदर्शकात नाही. आमच्या पेठेत दिवसभर साच्यांच्या मोटारी आणि रात्री ट्यूबलाइटचे चोक, यांमुळे रिसीव्हरमध्ये सतत भुणभुण असे. भारनियमनाच्या वर्षांत सगळे शहर वैतागलेले असताना अण्णा मात्र वेळापत्रक भिंतीवर चिकटवून ठेवत, कारण वीज गेली की तो सगळा गोंगाट एका क्षणात थांबे आणि बॅटरीवर चालणाऱ्या त्यांच्या संचात एरवी कधी न ऐकू येणारी क्षीण स्टेशने वर येत. जपानशी त्यांचे पहिले बोलणे अशाच एका अंधारात झाले. त्याचे क्यूएसएल कार्ड (बोलणे झाल्याची पोच देणारे कार्ड) त्यांनी देवघराच्या काचेत लावले होते.

पार्क_चौक

बाईंविषयी कोणी लिहीत नाही हे पाहून लिहायला बसले.

बाई शाळेत भूगोल शिकवत. हवेवर, म्हणजे रेडिओवर, सगळ्या बायकांना ‘वायएल’ म्हणजे ‘यंग लेडी’ म्हणतात, मग वय काहीही असो. पुरुष सगळे ‘ओएम’, म्हणजे म्हातारे. बाईंना ही व्यवस्था फार आवडायची. रविवारच्या आपल्या नेटच्या (हवेवर भरणाऱ्या बैठकीच्या) त्या अनेक वर्षे नेट कंट्रोल होत्या. हे काम बाहेरून सोपे दिसते, पण एकाच वेळी तीन जण बटण दाबून बोलू लागले की कोणाचा सूर आधी पकडायचा, क्षीण आवाजाच्या माणसाला पुढे कसे घ्यायचे आणि लांबण लावणाऱ्याला न दुखावता कसे थांबवायचे, यासाठी लागते ती शाळेच्या वर्गात मुरलेली जरब त्यांच्याकडे होती. ‘आपला मुद्दा पोहोचला, पुढील स्टेशन’ हे त्यांचे वाक्य ऐकल्यावर भल्याभल्यांनी माइक खाली ठेवलेला आहे.

त्यांचे लॉगबुक मी पाहिले आहे. दोनशेपानी वही, उभ्या रेघा पट्टीने आखलेल्या. तारीख, जागतिक वेळ (आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून), फ्रिक्वेन्सी, कॉल साइन, दिलेला आणि मिळालेला सिग्नल रिपोर्ट. एवढे सगळेच लिहितात. बाईंच्या वहीत उजवीकडे आणखी एक अरुंद रकाना होता आणि त्यात मराठीत दोनचार शब्द असत : ‘आवाज बसला आहे’, ‘मुलीचे लग्न ठरले’, ‘आज बोलण्यात लक्ष नाही’, ‘पाऊस नाही म्हणतात’. एका आठवड्यात ‘आवाज बसला आहे’ असे लिहिलेल्या सदस्याला पुढच्या रविवारी त्या आठवणीने प्रकृती विचारत, आणि त्याला वाटे की बाईंची स्मरणशक्ती अफाट आहे.

क्लबचा इतिहास लिहायचा असेल तर माझ्या मते तो त्या रकान्यात आहे.

होटगी_रोड

सर्व आठवणी छान आहेत, पण एक प्रश्न विचारतो. आपण फक्त गुण लिहिणार आहोत का? ज्यांना आपण सगळे ‘किलोवॅट’ म्हणत असू, ते सदस्य दुसऱ्यांचे बोलणे चालू असताना त्याच फ्रिक्वेन्सीवर ट्यूनिंग करत, आणि त्यावरून क्लबात अबोला झाला होता. ते वगळून त्यांची नोंद केली तर ती नोंद दुसऱ्याच कोणाची तरी होईल.

निवृत्त_गार्ड

गेलेल्या माणसाच्या मागे त्याचे उणे काढू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. त्यांच्या मुलांनी हे वाचले तर काय वाटेल, याचाही विचार व्हावा.

लघुलहरी

दोघांचेही म्हणणे मला समजते. माझे मत होटगी_रोड यांच्या बाजूला झुकते, मात्र थोडी मर्यादा घालून. घरगुती भांडणे, पैशाचे व्यवहार, आजारपण हे आपल्या कक्षेबाहेरचे आहे. पण हवेवरची वागणूक हाच आपल्या छंदाचा विषय आहे आणि ती हजारो लोकांनी ऐकलेली असते. ‘किलोवॅट’ यांच्या आडदांडपणाची नोंद व्हावी आणि त्याच माणसाने स्वतःची शिडी, दोर आणि रविवार खर्चून निम्म्या क्लबच्या गच्चीवर अँटेना चढवून दिल्या, हीही त्याच परिच्छेदात यावी. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये भारतात हौशी रेडिओ सुरू केला आणि त्यांची कॉल साइन ‘टू-जेके’ होती, हे आज शंभर वर्षांनंतर आपल्याला माहीत आहे. पण ते हवेवर कसे बोलत, चिडत की हसत, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? आपल्या माणसांचे तसे होऊ नये.

फोरमनकाकांची_लेक

मी हॅम नाही. हा धागा मला बाबांच्या एका मित्रांनी पाठवला. किल्लारीच्या वेळी मी शाळेत होते आणि बाबा पाचव्या दिवशी दाढी वाढलेल्या अवस्थेत परत आले एवढेच मला ठाऊक होते. लिंबाच्या झाडाला तार बांधल्याचे आज पहिल्यांदा वाचले. आईला वाचून दाखवले.

आता अडचण सांगते. बाबांच्या खोलीत तीन संच, एक मोठा जड डबा ज्याच्यावर त्यांनी तांबड्या रंगाने कवटी काढली आहे, बॅटऱ्या, वायरींची पोती आणि दोन बुटांच्या खोक्यांत कार्डे आहेत. गच्चीवर खांब आहे. दिवस होण्याच्या आधीच एक गृहस्थ संच विकत घ्यायला आले होते, आई त्यांना काही बोलली नाही पण मला ते आवडले नाही. भंगारवाल्याला द्यावे असे धाकटा भाऊ म्हणतो. काय करावे?

तांब्याची_तार

ताई, घाई अजिबात करू नका, आणि कवटी काढलेला डबा कोणालाही उघडू देऊ नका. तो लिनियर अॅम्प्लिफायर, म्हणजे संचाची ताकद वाढवणारा डबा, असणार. त्यातले कपॅसिटर वीज काढून ठेवल्यावरही भार धरून राहू शकतात, आणि व्होल्टेज कित्येक शेकडो ते हजारांच्या घरात असते. भार आपोआप उतरावा म्हणून आत ब्लीडर रेझिस्टर असतो, पण जुन्या संचात तो जळालेला असला तर बाहेरून कळत नाही. भंगारवाला पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हरच घालतो. आमच्यापैकी दोघे येऊन योग्य रेझिस्टरमधून तो भार उतरवून देऊ. बॅटऱ्या शिशाच्या आहेत, त्या आडव्या करू नयेत. गच्चीवरच्या खांबाला ताण दिलेल्या तारा असतील; त्यातली एकही तार सुटी करून पाहू नका, खांब उलट्या बाजूला येतो.

दुसरे कायद्याचे. १९३३ च्या कायद्यापासून आपल्याकडे वायरलेस संच वापरायलाच नव्हे तर नुसता बाळगायलाही परवाना लागत आला आहे, आणि हॅमचा परवाना व्यक्तीच्या नावे असतो, वारसाकडे जात नाही. बाबांची कॉल साइनही घरातल्या दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. म्हणून संच परवानाधारकाकडेच जाऊ द्या आणि देताना त्याच्या परवान्याची प्रत व लेखी पावती घ्या. किंमत दोन वेगवेगळ्या, आपसात ओळख नसलेल्या हॅमकडून काढून घ्या. आईंना घरात काही आठवण म्हणून ठेवायचेच असेल तर बाबांची मोर्स की (मोर्स पाठवायची कळ) ठेवा. तिला परवाना लागत नाही.

कार्डे मात्र कोणत्याही परिस्थितीत रद्दीत घालू नका.

जुळे_सोलापूरकर

कार्डांबद्दल पुस्ती जोडतो. व्हिएन्नात ‘डोकुफुंक’ नावाचा रेडिओचा दस्तऐवज संग्रह आहे, तिथे जगभरातल्या हॅमची क्यूएसएल कार्डे जपली जातात आणि दिवंगत हॅमचे संग्रहही घेतले जातात. पण तिथे पाठवण्यापूर्वी आपण प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवावे. मागच्या बाजूला समोरच्याने हाताने लिहिलेला मजकूर असतो, तोच खरा.

आणि एक आठवण माझीही. वय आणि पिढी दोन्ही वेगळे असून फोरमन काकांनी मला उपग्रहाची वाट दाखवली. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ मधून हॅमसॅट सोडला, खास आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी. बोलायचे ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि ऐकायचे १४५.९ च्या आसपास. उपग्रह डोक्यावरून जातो त्या थोड्या मिनिटांतच काय ते. काकांनी पीव्हीसी पाइपवर शिंप्याकडची नव्हे, सुताराची पोलादी मोजपट्टी कापून लावली आणि हातात धरायची यागी अँटेना बनवली. जिन्यातून नेताना पट्ट्या वाकायच्या आणि गच्चीवर पुन्हा ताठ व्हायच्या. मी अँटेना फिरवायचो आणि ते एका हाताने रिसीव्हरचा नॉब सतत खाली आणत राहायचे, कारण उपग्रह दूर जाऊ लागला की डॉप्लरमुळे आवाज घसरतो. पहिल्या वेळी मी उत्साहात उपग्रहाऐवजी काकांच्याच तोंडाकडे अँटेना धरली होती आणि ते ‘अरे, मी इथेच आहे, वर बघ’ म्हणाले. ११ जुलै २०१४ ला बॅटरी निकामी होऊन हॅमसॅटचे काम संपले, तेव्हा त्यांनी लॉगबुकात त्याच्याही नावापुढे ‘एसके’ लिहिले होते.

फोरमनकाकांची_लेक

सर्वांचे आभार. आईने गृहस्थांना नकार कळवला आहे. रविवारी दुपारी चारनंतर येणे सोयीचे होईल, चहा घेऊनच जावे लागेल.

आणखी एक. खोक्यांच्या खाली सुतळीने बांधलेली एक खाकी फाइल सापडली. त्यात पातळ कागदावर निळ्या कार्बनची अक्षरे आहेत, प्रत्येक कागदावर क्रमांक आणि शब्दांची संख्या आहे. अक्षर बाबांचे नाही. वरच्या कागदावर ‘ताडपत्री’ हा शब्द वाचता येतो, पुढचे पुसट आहे.

निवृत्त_गार्ड

ती मास्तरांचीच फाइल. जपून ठेवा ताई, मी रविवारी येतो.

लघुलहरी

ही बातमी वाचून काम कुठून सुरू करायचे हा प्रश्न सुटला. कार्बनची शाई उन्हात आणि बोटांच्या घामाने उडते, म्हणून फाइल सुतळीसकट तशीच राहू द्या आणि खिडकीपासून लांब ठेवा. लॅमिनेशन कोणी सुचवले तर ठामपणे नाही म्हणा. पार्क_चौक, बाईंच्या वह्यांसाठी आपण त्यांच्या भाच्याशी बोलाल का? वही उसवून पाने सुटी करायची नाहीत, उघडी ठेवून वरून छायाचित्रे घ्यायची, उजवीकडचा अरुंद रकाना कापला जाणार नाही एवढे पाहायचे. त्या रकान्यात लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत, त्यामुळे ती छायाचित्रे क्लबच्या बाहेर जाणार नाहीत.

किलोवॅट यांच्याविषयी होटगी_रोड यांनी लिहावे आणि निवृत्त_गार्ड यांनी ते आधी वाचावे, अशी माझी सूचना आहे. अण्णांच्या कांडीवरच्या कॉइलचे छायाचित्र कोणाकडे असल्यास येथेच टाका. रविवारच्या नेटला मी नेहमीप्रमाणे सकाळी असेन, दुपारी चारला काकांच्या घरी भेटू. रेझिस्टर आणि हातमोजे तांब्याची_तार आणतील.